घराचं अप्रेजल ३३ हजारांनी कमी आलंय, लढावं की सोडून द्यावं?

ओसरी | मंगळवार, रात्री ११:५२

मंडळी, झोप येत नाहीये म्हणून धागा काढतेय. आधी असा धागा येऊन गेला असेल तर सांगा, शोधायचं त्राण नाही.

न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत आमचं पहिलंच घर घेतोय. सहा ऑफर्स वाया गेल्यावर सातवी लागली, ६,८५,००० डॉलरला. २० टक्के डाउन म्हणजे १,३७,०००, लोन ५,४८,०००. अटर्नी रिव्ह्यू झाला, इन्स्पेक्शन झालं, रेडॉनसुद्धा मर्यादेत निघाला, आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवून झालं आणि तिने देवघर कुठल्या भिंतीला ते पण ठरवून टाकलं. आणि आज दुपारी लोन ऑफिसरचा मेल, अप्रेजल (लोन देणाऱ्या लेंडरने करून घेतलेलं घराचं मूल्यांकन) ६,५२,०००. खाली फक्त "फोन करा". नवरा मीटिंगमध्ये, मी एकटीच पीडीएफ उघडून बसले, ३० च्या वर पानं, त्यातलं मला फक्त शेवटचा आकडा तेवढा कळला.

रिअल्टर म्हणतो गॅप भरून टाका नाहीतर घर हातचं जाईल, सेलरकडे बॅकअप ऑफर आहे. लोन ऑफिसर म्हणतो रिकन्सिडरेशन (अप्रेजलचा फेरविचार) मागता येतं पण "फारसं काही होत नाही". काँट्रॅक्टमध्ये अप्रेजल कॉन्टिन्जन्सी आहे (म्हणजे कमी आलं तर बाहेर पडता येतं). क्लोजिंग (व्यवहार पूर्ण होणं) २६ दिवसांवर. ३३ हजार आणायचे कुठून? भारतातून आणायचे म्हटलं तर त्याची कागदपत्रं आणि वेळ वेगळाच. कोणी असं अपील केलंय का? खरंच काही होतं का की नुसता मनस्ताप?

तळ्यात_मळ्यात | रात्री १२:०७

आधी पाणी पी. ३३ हजार रोख भरायचे असं जे डोक्यात बसलंय ना ते काढ. लेंडर किंमत आणि अप्रेजल यातला जो कमी आकडा असेल त्याच्यावर लोन देतो. ६,५२,००० चे ८० टक्के म्हणजे ५,२१,६००. तू मागितलेलं ५,४८,०००. फरक २६,४००. म्हणजे २० टक्क्यांचं गणित तसंच ठेवायचं असेल तर जास्तीचे २६,४०० लागतील, ३३ नाही. किंवा लोन ५,४८,००० च ठेव, मग ते अप्रेजलच्या ८४ टक्के होतं, म्हणजे पीएमआय (डाउन २० टक्क्यांपेक्षा कमी असलं की लागणारा लोनचा विमा) लागेल महिन्याला, पण क्लोजिंगला जास्तीचा पैसा काढावा लागणार नाही. दोन्हीचे आकडे लोन ऑफिसरकडून लेखी घे, फोनवर नको.

अपीलचं मला माहीत नाही, आमचं कधी कमी आलं नाही (दृष्ट लागू नये).

रणरणतं_ऊन | रात्री १२:३१

अगदी करा! मी दरवर्षी करतो, टेक्सासमध्ये १५ मे ची मुदत असते किंवा नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, जे नंतर असेल ते. घराचे फोटो काढा, भिंतीची भेग, फाउंडेशन, शेजारचे भाव, सगळं घेऊन जायचं आणि म्हणायचं किंमत कमी करा.

तळ्यात_मळ्यात | रात्री १२:३४

अहो तिला वाढवायचीये 😄 तुम्ही प्रॉपर्टी टॅक्सचं सांगताय.

रणरणतं_ऊन | रात्री १२:३६

अरे हो की. आमच्याकडे त्यालाही अप्रेजलच म्हणतात, त्यामुळे शीर्षक वाचूनच सुटलो. माफी.

बारा_गावचं_पाणी | बुधवार, सकाळी ६:१५

एक मूलभूत प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुम्ही खरेदीदार आहात. कोणीतरी त्रयस्थ माणूस येऊन सांगतोय की तुम्ही ३३ हजार जास्त देताय. आणि तुम्ही त्याच्याशी भांडून म्हणणार की नाही नाही, मला जास्तच द्यायचेत? हे अप्रेजल सेलरच्या तोंडावर टाका आणि किंमत उतरवून मागा. झोप सेलरची उडायला हवी, तुमची का? कॉन्टिन्जन्सी आहे म्हणजे डिपॉझिट घेऊन बाहेर पडायचा दरवाजा उघडा आहे, तीच तुमची ताकद.

ओसरी | सकाळी ७:०२

@बारा_गावचं_पाणी काका, राग कसला. तुमचं पटतंय पण सहा वेळा तोंडावर पडलोय हो. बॅकअप ऑफर खरी आहे असं आमचा अटर्नी पण म्हणाला. सेलरने काल "वी विल सी" एवढंच उत्तर दिलंय.

@तळ्यात_मळ्यात थँक्स गं, २६ ऐकून थोडं बरं वाटलं, म्हणजे २६ पण नाहीतच पण तरी.

खडीसाखर | सकाळी ८:४०

मी ११ वर्षं मॉर्टगेज प्रोसेसिंगमध्ये आहे, अप्रेजर नाही, पण हे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. लोन ऑफिसर म्हणतो "फारसं काही होत नाही" ते अर्धं खरं आहे. होत नाही कारण लोक एक पानभर कैफियत पाठवतात. आम्हाला घर किती आवडलंय, शेजारच्याने किती मागितले होते, अमुक वेबसाइट ६९० दाखवते. त्यातल्या एकाही वाक्याला अप्रेजर हात लावू शकत नाही. तो हात लावतो तो फक्त त्याच्या फॉर्मवरच्या ओळीला. त्यामुळे ओळ दाखवायची. अमुक पान, अमुक रकाना, तुम्ही हे लिहिलंय, खरं हे आहे, हा पुरावा. संपलं.

आता ओसरी, तू त्या पीडीएफचं शेवटचं पान बंद कर आणि मधलं उघड. ज्या पानावर सब्जेक्ट (तुझं घर) आणि कॉम्प (तुलनेसाठी घेतलेली, विकली गेलेली घरं) १, २, ३ असे शेजारी शेजारी उभे रकाने आहेत ना, ते ग्रिड. सगळा खेळ त्या एका पानावर आहे. प्रत्येक ओळीत तुझ्या घराशी तुलना करून कॉम्पच्या किमतीत अधिक-वजा केलेलं असतं. कॉम्प चांगला असेल तर वजा, कमी असेल तर अधिक, लोक नेमकं इथेच उलटं वाचतात. मग एकेक ओळ बघ.

लिव्हिंग एरिया किती धरलाय? हा जमिनीच्या वरचाच असतो, बेसमेंट कितीही छान फिनिश केलेलं असो, त्यात येत नाही, त्याची खाली वेगळी ओळ असते. त्यामुळे लिस्टिंगमध्ये बेसमेंट धरून जो मोठा आकडा लिहिलेला असतो तो घेऊन भांडायला जाऊ नकोस, तोंडघशी पडशील. बेडरूम, बाथरूम बरोबर मोजलेत का? कंडिशन काय दिलीये, सी१ ते सी६ असतं, सी१ नवीकोरी, सी६ म्हणजे राहण्यालायक नाही. तुझं सी३ आणि कॉम्प सी४ असेल तर त्या ओळीत काहीतरी अधिक दिसायला हवं. कॉम्प कधी विकले गेले, किती लांब आहेत, मधून हायवे जातोय का, शाळा तीच आहे का. आणि स्केच बघ, मागे घराचा नकाशा असतो, त्याच्याकडे कोणीच ढुंकून बघत नाही.

नियमाचं म्हणशील तर २०२४ पासून फॅनी मे आणि फ्रेडी मॅक (लेंडरकडून लोन विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था) दोघांनीही लेंडरकडे रिकन्सिडरेशनची ठरलेली पद्धत असलीच पाहिजे असं केलंय. एफएचएनेही (सरकारी विम्याची लोन्स) २०२४ मध्ये तसं केलं होतं, पण २०२५ मध्ये मागे घेतलं. पूर्वी लेंडरच्या मर्जीवर होतं. अप्रेजलसोबत ते कसं मागायचं याचा कागद तुला मिळालेला असेल, मेलमध्ये खाली शोध. एका अप्रेजलवर एकदाच मागता येतं आणि जास्तीत जास्त ५ नवे कॉम्प सुचवता येतात. एकदाच, म्हणून घाईत पाठवू नकोस. पण क्लोजिंगच्या आधीच व्हायला हवं, म्हणून फार रेंगाळूही नकोस.

ढापणी | सकाळी ९:१०

वाचनखूण साठवली. एक बावळट प्रश्न, रिपोर्टवर अप्रेजरचा फोन नंबर असतो, सरळ त्यालाच फोन केला तर?

खडीसाखर | सकाळी ९:२२

नको!! सगळं लेंडरमार्फत. आणि मेलमध्ये "६८५ करून द्या" किंवा "निदान ६८० तरी" असला आकडा चुकूनही लिहायचा नाही. हव्या त्या आकड्यासाठी अप्रेजरवर दबाव आणायला कायद्याने बंदी आहे, असा मेल आला की लेंडरसुद्धा घाबरतो. चूक दाखवा, आकडा त्याला काढू दे.

बारा_गावचं_पाणी | सकाळी ९:४५

यामागे इतिहास आहे. २००८ च्या आधी हे सर्रास चालायचं, लोन ऑफिसर अप्रेजरला आधीच आकडा सांगायचा आणि जो अप्रेजर ऐकणार नाही त्याला पुढचं काम नाही. आमचं २००५ चं अप्रेजल काँट्रॅक्टच्या किमतीवर बरोब्बर आलं होतं, डॉलर ना इकडे ना तिकडे, तेव्हा आम्हाला केवढं कौतुक. चार वर्षांनी त्याच घराचं काय झालं ते विचारू नका. २००९ आणि २०१० मध्ये नियम आले आणि लेंडरचा सेल्सवाला आणि अप्रेजर यांच्यात भिंत उभी राहिली. मधे अप्रेजल मॅनेजमेंट कंपन्या आल्या त्या तेव्हापासूनच फोफावल्या. त्याचा दुसरा परिणाम असा की कधीकधी दोन काउंटी पलीकडचा माणूस येतो, ज्याला कुठल्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला काय भाव आहे ठाऊक नसतं.

तरीही माझं मत तेच. आधी किंमत उतरवून मागा.

ओसरी | बुधवार, रात्री १०:१८

@खडीसाखर तुला साष्टांग. ग्रिड घेऊन बसलो दोघं. जेवण गार झालं पण सापडलं!!

एक. लिव्हिंग एरिया २,०४० लिहिलाय. टाउनशिपच्या रेकॉर्डला पण २,०४० च आहे, म्हणून आधी वाटलं बरोबरच असेल. मग तू म्हणालीस तसं स्केच बघितलं. वरच्या मजल्यावर गॅरेजच्या डोक्यावर एक खोली आहे, आम्ही बघायला गेलो तेव्हा नवऱ्याने तिथेच उभं राहून "हे माझं ऑफिस" असं जाहीर केलेलं. स्केचमध्ये ती खोलीच नाही! कॉरिडॉर जिथे संपतो तिथे सरळ रेघ मारलीये. फोटोंची पानं दोनदा बघितली, प्रत्येक खोलीचा फोटो आहे, अगदी फर्नेसचा आहे, त्या खोलीचा नाही. मग आठवलं की त्या दाराला टेकून सेलरने खोक्यांची चळत लावलेली आहे, ते दार कपाटाचं वाटतं. आमच्या वेळी त्यांच्या एजंटने खोकी सरकवून दाखवलं होतं. अप्रेजरने उघडलंच नसणार.

दोन. कॉम्प २ हायवेच्या पलीकडे, दुसरी टाउनशिप, दुसरं स्कूल डिस्ट्रिक्ट, आणि लोकेशनच्या ओळीत अधिक-वजा शून्य.

तीन. कॉम्प ३ अकरा महिन्यांपूर्वीचा आहे, सी४, फोटोत किचन बघून मला माझ्या कॉलेजच्या अपार्टमेंटची आठवण आली. आमचं सी३. त्या ओळीत पण काही नाही.

उद्या त्या खोलीचं माप घ्यायला जाऊ का? सेलर आत येऊ देतील?

खडीसाखर | रात्री १०:४०

वा! खोली म्हणजे लॉटरी आहे, बाकीच्या दोन गोष्टींवर अप्रेजर वाद घालू शकतो, खोलीवर नाही. पण जपून. गॅरेजवरची खोली म्हणजे छत उतरतं असणार. फॅनी मेने एप्रिल २०२२ पासून मोजमापाचं ठरलेलं स्टँडर्ड लावलंय, त्यात उतरत्या छताखाली जिथे उंची ५ फुटांपेक्षा कमी आहे तो भाग मोजायचाच नाही, आणि जो मोजाल त्यातल्या निदान अर्ध्या भागाला ७ फूट उंची हवी. शिवाय खोली फिनिश्ड हवी, हीटिंग हवं, आणि घरातूनच जाता यायला हवं, गॅरेजमधून शिडीने नाही. सेलर का नाही येऊ देणार, त्यांचाच फायदा आहे. एजंटला घेऊन जा.

पाणकोंबडी | गुरुवार, सकाळी ८:०५

थोडं अवांतर पण इथेच विचारते. आमचं रिफायनान्सचं अप्रेजल पुढच्या आठवड्यात आहे. एक मैत्रीण म्हणाली देव्हारा झाकून ठेव, भिंतीवरचे फॅमिली फोटो काढ, सकाळी फोडणी घालू नकोस. खरंच करतात का लोक असं? मला ऐकूनच कसंतरी झालं.

बारा_गावचं_पाणी | सकाळी ८:३०

करतात. आणि उगाच करत नाहीत. कॅलिफोर्नियात मरिन सिटीला २०२० मध्ये एका कृष्णवर्णीय जोडप्याच्या घराचं अप्रेजल ९ लाख ९५ हजार आलं, मग त्यांनी दुसरं मागवलं, घरातले आपले फोटो काढले आणि एका गोऱ्या मैत्रिणीला घरमालकीण म्हणून उभं केलं, तर १४ लाख ८२ हजार ५००. काही आठवड्यांच्या अंतराने, तेच घर. कोर्टात गेले, २०२३ मध्ये तडजोड झाली. म्हणून आता रिकन्सिडरेशनच्या नियमात भेदभावाची शंका हेही कारण स्पष्ट घातलंय, आणि हाउसिंगच्या फेडरल खात्याकडे, म्हणजे हडकडे, वेगळी तक्रारही करता येते.

बाकी देव झाकायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी नाही झाकणार.

ढापणी | सकाळी ८:५२

फोडणीचं मात्र खरंय, मिरचीची फोडणी बसली तर अप्रेजर मोजमाप अर्धवट टाकून पळेल. (दिवे घ्या)

पण मला सांगा, आम्ही दोन वर्षांपूर्वी किचनवर ६० हजार घातले, पावत्या सगळ्या आहेत, त्या अप्रेजरला दिल्या तर ६० वाढतील ना?

खडीसाखर | सकाळी ९:३०

@ढापणी नाही 🙂 खर्च आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी. तुझ्या एरियात नवीन किचनची घरं जुन्या किचनच्या घरांपेक्षा कितीने जास्त जातात तेवढेच वाढतात. ते २० असेल, ३५ असेल. पावत्यांचा उपयोग कंडिशन सिद्ध करायला होतो, काय केलं आणि कुठल्या वर्षी केलं. एका कागदावर यादी करून अप्रेजर आला की हातात दे, छप्पर अमुक साली, फर्नेस अमुक साली. आधी दिलेला एक कागद नंतरच्या दहा मेलपेक्षा बरा.

@पाणकोंबडी अशी यादी तू पण करून ठेव. आणि बंद दारं उघडी ठेव, ओसरीच्या सेलरसारखं करू नकोस.

ओसरी | गुरुवार, रात्री ९:४७

मोजून आलो. काय सीन होता. सेलर आजोबा स्वतः खोकी उचलायला लागले, नवरा म्हणतोय राहू द्या मी उचलतो, खोक्यांत ख्रिसमसची झाडं, दोन. मग हा गुडघ्यावर बसून उतरत्या छताखाली टेप धरतोय आणि मी लेव्हल घेऊन पाच फूट कुठे संपतात तिथे भिंतीवर पेन्सिलने बारीक खूण करतेय (विचारून!). खोली २० फूट लांब. जमिनीवर रुंदी १२ फूट, म्हणजे नुसती लांबी-रुंदी केली तर २४०. पण ५ फुटांच्या वरची रुंदी भरते ८.६ फूट. म्हणजे १७२ स्क्वेअर फूट. त्यात ७ फुटांचा पट्टा साडेचार फुटांचा आहे, अर्ध्याहून किंचित जास्त. बेसबोर्ड हीटर आहे, कॉरिडॉरमधूनच दार आहे. टाउनशिपची परमिट क्लोज झाल्याचा कागद आजोबांनी फाइलमधून काढून दिला, त्या माणसाकडे १९९० पासूनचा प्रत्येक कागद आहे.

आता गंमत. कॉम्प १ चा एरिया २,१४० आहे आणि अप्रेजरने १०० स्क्वेअर फुटांसाठी ७,५०० वजा केलेत. म्हणजे त्याचाच दर ७५ डॉलर. १७२ गुणिले ७५ म्हणजे १२,९००, आणि हे एकेका कॉम्पच्या किमतीत!

नवे कॉम्प रिअल्टरकडून काढून घेतले (सुरुवातीला कुरकुरला). आमच्याच टाउनशिपमध्ये, हायवेच्या अलीकडे, दोन सापडले, ६७९ आणि ६९२. ६९२ वालं घर अप्रेजर येऊन जायच्या फक्त नऊ दिवस आधी क्लोज झालंय, त्याला तेव्हा ते सोल्ड म्हणून दिसलंच नसेल बहुतेक. तिसरं एक ७१० चं आहे पण त्याला स्विमिंग पूल आहे, घालू का?

मेलचा कच्चा मसुदा खडीसाखरला निरोपातून पाठवलाय.

खडीसाखर | रात्री १०:२५

पूलवालं नको. एक फुगवलेला कॉम्प घातला की बाकीचे दोन पण संशयात येतात. पेंडिंग असलेलं पण नको, क्लोज झालेलंच हवं, आणि तेही अप्रेजलच्या तारखेच्या आधी.

मसुद्याचा पहिला परिच्छेद पूर्ण खोडलाय, "आम्ही खूप आशेने" पासून "अन्याय" पर्यंत. शेवटचं "आमच्या मते घराची किंमत निश्चितच ६८५ आहे" पण खोडलंय. खोली आधी, स्केचचं पान, तुमचा मोजलेला नकाशा, फोटो, परमिट. मग दोन कॉम्प, प्रत्येकाला दोन ओळी, हा का जवळचा आहे तेवढं. मग कॉम्प २ आणि ३ बद्दल प्रश्न म्हणून विचारायचं, "लोकेशन आणि कंडिशनच्या ओळीत फरक का धरला नाही ते कृपया स्पष्ट करावं". चूक केलीत असं नाही लिहायचं. माणूसच आहे तो, स्वतःची चूक मान्य करायला त्याला जागा ठेवा.

एका पानात बसलं पाहिजे. आता बसतंय.

रणरणतं_ऊन | शुक्रवार, सकाळी ७:२०

मी चुकून धाग्यात शिरलो पण आता सोडवत नाही. यावरून आठवलं, गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमचं रिफायनान्स चालू होतं आणि त्याच आठवड्यात टॅक्सची नोटीस आली. सकाळी लेंडरला लिहायचं घर कसं मजबूत आहे, किचन नवीन, छप्पर नवीन, आणि संध्याकाळी टॅक्सवाल्यांसाठी भेगांचे फोटो काढत फिरायचं. बायको म्हणाली एक काय ते ठरवा, सोन्याचं आहे की पडायला आलंय.

आमच्या राज्यात विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करावी लागत नाही, त्यामुळे कॉम्प मिळवायचे तर ओळखीचा रिअल्टर गाठा. पण सुनावणी मागितली की अप्रेजल डिस्ट्रिक्ट (टॅक्ससाठी किंमत ठरवणारं ऑफिस) तुमच्याविरुद्ध काय पुरावा दाखवणार आहे तो १४ दिवस आधी मागून घेता येतो, तो जरूर मागा. मला त्यात आमचं गॅरेज तीन गाड्यांचं लिहिलेलं सापडलं होतं. दोनच बसतात, त्याही पोट आत घेऊन. राहतं घर असेल तर होमस्टेडचा अर्ज भरला की करासाठीचा आकडा वर्षाला १० टक्क्यांच्या वर चढवता येत नाही, पण मार्केट व्हॅल्यू वेगळी चढतच असते, नोटिशीवर दोन आकडे असतात ते वाचा नीट.

तळ्यात_मळ्यात | सकाळी ८:११

न्यू जर्सीवाल्यांसाठी, टॅक्सच्या अपीलची मुदत बहुतेक काउंट्यांत १ एप्रिल, काउंटी टॅक्स बोर्डाकडे. किंमत धरतात ती आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरची, त्यामुळे त्यानंतरच्या विक्र्या घेऊन गेलात तर उपयोग नाही. आणि असेसमेंट (टॅक्ससाठी टाउनशिपने धरलेली किंमत) म्हणजे बाजारभाव नव्हे, टाउनशिपचा जो रेशो असतो त्याने भागायचं, आणि तो आकडा खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर जात असेल तरच कमी करतात. माझे सासरे हे गणित न करता गेले आणि पाच मिनिटांत परत आले.

आणि ओसरी, तुझ्या त्या १७२ फुटांवर आता टॅक्स पण लागणार बरं का 😬

ओसरी | सकाळी ८:१५

गप बस गं.

ओसरी | पुढचा शुक्रवार, दुपारी ३:३३

आलं!! सहा दिवस लागले, मधे दोनदा विचारलं तर "अंडर रिव्ह्यू".

६,७१,०००. खोली धरली, एरिया २,२१२ केला. ६९२ वालं घर चौथा कॉम्प म्हणून घातलं. ६७९ वालं नाही घेतलं, कारण लिहिलंय, त्याचा लॉट मोठा आहे. कॉम्प २ ला लोकेशनसाठी थोडे अधिक केले. कॉम्प ३ च्या कंडिशनबद्दल मात्र ढिम्म हलला नाही, दोन ओळींचं उत्तर दिलंय, त्यात किचन जुनं असलं तरी देखभाल वगैरे. असो.

१९ हजार वाढले, १४ अजून कमी. मग काकांचं ऐकलं. अटर्नीकडून सेलरला सांगितलं की आम्ही तुमच्या घराची हरवलेली खोली सापडवून दिली, आता उरलेल्यात तुम्ही पण या. आजोबा ८ हजार उतरले. म्हणजे ६,७७,०००, लोन ६७१ च्या ८० टक्के ५,३६,८००, डाउन १,४०,२००. ठरवलं होतं त्यापेक्षा ३,२०० जास्त. सोफा पुढच्या वर्षी.

बारा_गावचं_पाणी | दुपारी ३:५०

अभिनंदन! पहिल्याच दिवशी मागितले असते तर १५ उतरले असते असं माझं अजूनही म्हणणं आहे, पण तुमचं काम झालं.

खडीसाखर | दुपारी ४:१५

काका, पहिल्या दिवशी ६५२ वर मागितले असते तर आजोबांनी बॅकअपवाल्याला फोन लावला असता. ६७१ झालं म्हणून ते बोलायला बसले. पण ते जाऊ दे. ओसरी, लेंडरकडून दुरुस्त केलेल्या रिपोर्टची प्रत आली का? क्लोजिंगच्या निदान तीन बिझनेस डे आधी हातात हवी, मागून घे. आणि डिपॉझिट, लोन अमाउंट सगळ्या कागदांवर बदललेत का बघ, आमच्याकडे जुना आकडा शेवटच्या दिवसापर्यंत कुठेतरी चिकटून राहतो.

नवखी_पालवी | रात्री ८:०२

धागा पूर्ण वाचला, खूप शिकायला मिळालं. आमचं एफएचए लोन आहे, अप्रेजल १८ हजारांनी कमी आलंय. आमचा एजंट म्हणतो कटकट नको, लेंडरच बदला, नवीन लेंडर नवीन अप्रेजल करेल. करावं का?

खडीसाखर | रात्री ८:२०

थांब! एफएचएमध्ये अप्रेजल लेंडरला नाही, केस नंबरला चिकटतं, आणि ते १८० दिवस चालतं. दुसऱ्या लेंडरकडे गेलीस तरी तेच तुझ्या मागे येईल. कन्व्हेन्शनल (सरकारी विमा नसलेलं लोन) असतं तर गोष्ट वेगळी. रिकन्सिडरेशनच माग. ग्रिडचं पान आणि स्केच निरोपातून पाठव, नाव-पत्ता झाकून. आणि घरातली सगळी दारं उघडून बघितलीस का ते पण सांग.